सेल्फ पब्लिश्ड रोमान्स, फँटसी वगैरे: स्वतः वाचलेलंच सुचवा प्लीज

निळीशाई

मंडळी, मदत हवीये. सध्या मी जवळपास फक्त सेल्फ पब्लिश्ड पुस्तकंच वाचतेय, म्हणजे प्रकाशकाकडे न जाता लेखकाने स्वतःच काढलेली. रोमान्स जास्त, मधूनमधून फँटसी, सायन्स फिक्शन. सुरुवात 'द मार्शियन'पासून झाली. अँडी विअरने ते आधी स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून टाकलं होतं, मग वाचकांनीच मागे लागून २०११ मध्ये किंडलवर आणायला लावलं, ९९ सेंटला, आणि मोठ्या प्रकाशकाची आवृत्ती आली ती २०१४ मध्ये, हे कळल्यावर वाटलं की असं अजून किती काय पडलेलं असेल जे आपल्यापर्यंत पोचतच नाही.

तर किंडल अनलिमिटेड, म्हणजे ॲमेझॉनची वर्गणी भरून ई-बुकं वाचायची योजना, घेतलंय, पैशाचा प्रश्न नाही, पण शोधायचं कसं तेच कळत नाहीये. 'रोमान्स' टाकलं की ढिगाने कव्हरं समोर येतात, बऱ्याच कव्हरांवर शर्ट काढलेला हिरो, सगळ्यांना साडेचार स्टार, आणि खाली रिव्ह्यू काय तर 'नाइस', 'सुपर', 'मस्ट रीड'. यावरून माणसाने ठरवायचं काय? काल एक उघडलं, तिसऱ्याच पानावर हिरो हिरॉइनचा दंड धरून तिला भिंतीवर ढकलतो आणि तिला तो आवडायला लागतो. बंद केलं.

मला हवंय ते असं की दोघांना काहीतरी कामधंदा असावा, बोलणं खरं वाटावं, भांडले तर कशावरून भांडले ते पटावं. इंग्रजी मराठी दोन्ही चालेल. आणि नुसतं नाव देऊन जाऊ नका ना, ते कुणाला आवडेल, कुठे रेंगाळतं, मालिका असेल तर पूर्ण झालीये का, त्रास होईल असं काही आहे का, एवढं सांगितलंत तर फार उपयोग होईल. या पुस्तकांना संपादक, प्रकाशक, पेपरातलं परीक्षण असं बहुतेक वेळा काहीच मागे नसतं, जे काही आहे ते आधी वाचलेल्या माणसाचा शब्द एवढंच.

सायली_ठाणे

अगदी माझ्या मनातला विषय! तू कोर्टनी मिलान वाचलीयेस का? नसशील तर बाकी सगळं बाजूला ठेव. ती वकील, अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींकडे क्लार्क, म्हणजे कायद्याच्या कामात मदत करणारी तरुण वकील, होती, लॉ शिकवलंय तिने. पहिली पुस्तकं हार्लेक्विन या प्रकाशकाकडून आली पण २०११ पासून स्वतःच काढायला लागली आणि माझ्या मते तिचं खरं चांगलं लिखाण त्यानंतरचंच आहे, कारण प्रकाशकाने 'हे चालणार नाही' म्हटलं असतं असे विषय तिने सरळ घेतले.

सुरुवात 'द ड्यूक हू डिडन्ट'ने कर, २०२० चं आहे. १८९१ मधलं इंग्लंडमधलं एक खेडं आणि हिरॉइन क्लोई फाँग चिनी वंशाची. वडील स्वयंपाकी, त्यांना एका कंपनीने पूर्वी फसवलंय, आता बापलेक मिळून स्वतःचा सॉस बाजारात आणायच्या मागे आहेत आणि अजून त्या सॉसला नाव सुचलेलं नाहीये. क्लोई रोजच्या कामांच्या याद्या करते, यादीचा बोर्ड हातात घेऊनच फिरते, आणि हिरो एवढा हुशार की त्याला कळतं की हिचं मन जिंकायचं तर आधी यादीतली कामं उचलावी लागतील. तुला कामधंदा हवाय ना, इथे बाटल्यांवरची लेबलं, चव, विक्री सगळं कथेच्या मध्यभागी आहे. ओरडाआरडा नाही, दुष्टावा फारसा नाही, थकून घरी आल्यावर वाचायचं पुस्तक आहे. शारीरिक जवळिकीचे प्रसंग आहेत, दार लावून पान उलटलं असं नाही, ते आधीच सांगते. आणि ज्यांना सतत 'आता काय होणार' अशी धाकधूक लागते त्यांना हे सपक वाटू शकतं, माझ्या बहिणीने अर्ध्यात सोडलं.

जास्त धारदार हवं असेल तर तिचंच 'द गव्हर्नेस अफेअर', २०१२ चं, छोटंसं आहे, दोनतीन बैठकीत होतं. एक गव्हर्नेस, म्हणजे मोठ्या घरात राहून मुलांना शिकवणारी बाई, एका ड्यूकच्या घरासमोरच्या बाकावर येऊन बसते आणि उठतच नाही, बास, एवढंच करते ती. तिच्यावर अन्याय झालाय आणि भरपाई मिळेपर्यंत हलणार नाही. तिला तिथून उठवायची जबाबदारी ड्यूकच्या माणसावर येते, हा पूर्वीचा बॉक्सर, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा पोरगा, स्वतःला काहीतरी करून दाखवायचंय म्हणून त्या नालायक ड्यूककडे टिकून आहे. दोघं एकमेकांना हरवायला बघतात आणि हळूहळू मान द्यायला लागतात, ते इतकं सुंदर लिहिलंय. पण त्या अन्यायात जबरदस्ती आहे, भूतकाळातली आहे, तपशीलवार वर्णन नाही तरी विषय सतत असतो, त्यामुळे मनाची तयारी असेल तेव्हाच उघड. यानंतरची मालिका म्हणजे 'ब्रदर्स सिनिस्टर', ती पूर्ण झालेली आहे, त्यातलं 'द काउंटेस कॉन्स्पिरसी' हे वैज्ञानिक बाईचं आहे, ते माझं सगळ्यात आवडतं पण तिथून सुरुवात करू नकोस.

गडवाट

रोमान्समधलं मला कळत नाही, पण फँटसीत शोधायचं कसं यावर एक खात्रीचा रस्ता सांगतो. मार्क लॉरेन्स नावाचा ब्रिटिश फँटसी लेखक आहे, त्याने २०१५ मध्ये सेल्फ पब्लिश्ड फँटसी ब्लॉग ऑफ नावाची स्पर्धा सुरू केली, एसपीएफबीओ म्हणतात. पद्धत अशी की साधारण ३०० सेल्फ पब्लिश्ड कादंबऱ्या येतात, दहा ब्लॉगवाल्यांना प्रत्येकी तीस वाटून देतात, प्रत्येकाने आपल्या तीसमधून एक निवडायची, मग त्या दहा कादंबऱ्या सगळ्यांनी वाचून दहापैकी मार्क द्यायचे. बक्षिसात पैसे नाहीत. हे सगळे वाचायचं वेड असलेले लोक आहेत आणि का आवडलं का नाही ते मोकळेपणाने लिहितात, नाकारलेल्या पुस्तकांबद्दलसुद्धा. मी विजेत्यांपेक्षा ते नाकारल्याचे लेखच जास्त वाचतो, कारण तिथे कळतं की एकाला जे खटकलं ते आपल्याला चालण्यासारखं आहे का.

याचं उदाहरण म्हणजे 'सेनलिन असेंड्स'. जोसाया बँक्रॉफ्टने २०१३ मध्ये स्वतः काढलेलं, फारसं कुणाला माहीत नव्हतं. २०१६ च्या स्पर्धेत आलं, फायनलला पोचलंही नाही, पण लॉरेन्सच्या हातात पडलं, त्याने वाचलं आणि जाहीरपणे मनापासून कौतुक केलं, तिथून लोक वाचायला लागले आणि २०१८ मध्ये ऑर्बिट या प्रकाशकाने काढलं. एका वाचकाने नीट कारणं देऊन सांगितल्यावर एवढं होतं. कथा म्हणजे एक सरळमार्गी हेडमास्तर नव्या बायकोला घेऊन हनिमूनला बाबेलचा मनोरा बघायला जातो, हातात गाइडबुक, आणि पायथ्याच्या बाजारातच गर्दीत बायको हरवते. मग मजल्यामागून मजला तिला शोधत वर चढायचं, आणि ज्या गाइडबुकवर त्याचा गाढ विश्वास ते एकेका मजल्यावर खोटं पडत जातं. भाषा फार कसलेली आहे. चार पुस्तकं, २०२१ मध्ये मालिका पूर्ण झाली. पहिल्यात हेडमास्तर बराच वेळ भित्रा आणि आखडू वाटतो, तिथे धीर धरा.

दुसरं एम. एल. वाँगचं 'द सोर्ड ऑफ कायगेन', २०१९ चं, हे तर त्याच स्पर्धेचं विजेतं. डोंगरावरचं योद्ध्यांचं गाव, जपानी वळणाचं, आणि नायिका कोण तर चार मुलांची आई, सासरी गप्प राहून संसार करणारी मिसाकी, जिची तलवार लग्नानंतर जमिनीखाली लपवलेली आहे. नवरा बर्फासारखा थंड, शब्दशः, कारण त्या घराण्यात बर्फाचीच विद्या आहे. निळीशाई, तुम्ही म्हणालात ना भांडण पटायला हवं, तर यातलं नवराबायकोचं एक भांडण शेवटाकडे येतं, त्याच्यासारखं मी फँटसीत दुसरीकडे वाचलेलं नाही. पण सुरुवातीचा भाग संथ आहे, अनोळखी शब्द खूप येतात, शेवटी शब्दसूची दिलीये ती बघत राहावं लागतं. मध्यावर हल्ला होतो आणि मग पुस्तक खाली ठेवता येत नाही. मुलाचा मृत्यू, बाळंतपणातलं दुःख हे सगळं आहे, त्या बाबतीत हळवे असाल तर खरंच वाचू नका.

हलकं हवं असेल तर 'लेजंड्स अँड लाटेज'. ट्रॅव्हिस बाल्ड्री ऑडिओबुकांना आवाज देणारा, त्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतः काढलं आणि त्याच वर्षी टॉर या प्रकाशकाने उचललं. लढाया करून दमलेली एक ऑर्क, म्हणजे फँटसीतल्या धिप्पाड राक्षसी जमातीतली, बाई तलवार भिंतीला टांगून कॉफीचं दुकान काढते. दुकान उभं कसं राहतं, माणसं कशी जोडली जातात, एवढीच गोष्ट, आणि एक हळुवार प्रेमकथा आहे दोन बायकांमधली.

जुना_सभासद

वाचून फार बरं वाटलं. आमच्या वेळी हे काम गल्लीतल्या भाड्याच्या वाचनालयाचे मालक करायचे. रजिस्टरमध्ये तुमचं नाव, आधी काय नेलंत ते लिहिलेलं, त्यामुळे ते बघूनच सांगायचे की 'हे नको, तुम्हाला ते आवडेल.' बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर, चंद्रकांत काकोडकर, ही सगळी नावं मला परीक्षणातून नाही, त्या काउंटरवरून कळली. बाइंडिंग केलेली पुस्तकं, मागे शिक्के मारलेला कागद, ज्यावर जास्त शिक्के ते चांगलं असं आम्ही धरायचो.

प्रेमकथांना तेव्हाही लोक नाकं मुरडायचेच. काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई हायकोर्टाने दोषी धरलं आणि शेवटी १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं. त्या माणसाने एका प्रेमकथेपायी एवढी वर्षं कोर्टात काढली. त्यामुळे आज कुणी तरुण मुलगी स्वतःच्या हिमतीवर प्रेमकथा लिहून प्रसिद्ध करतेय म्हटलं की मला तिचं अप्रूप वाटतं. मराठीतलं कुणीतरी सुचवा ना, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो.

कोल्हापूरची_पोर

काका, मराठीतलं मी सांगते, मी रोज प्रतिलिपीवरच असते, कुणीही कथा लिहायची आणि वाचायची असं ॲप आहे ते. २०१४ ला सुरू झालं ते, आणि आता मराठीत एवढ्या बायका लिहितायत तिथे, सासू झोपल्यावर, पोरांचा डबा झाल्यावर, लोकलमध्ये मोबाइलवर टाइप करून. त्यामुळे कथेचा साचाच वेगळा असतो, रोज किंवा एक दिवसाआड एक भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवायचं आणि खाली क्रमशः. कादंबरी म्हणून एकदम वाचायला घेतलं की तेच तेच परत येतंय असं वाटतं, पण रोज एक भाग वाचला तर ती आठवण करून देणं बरं वाटतं, म्हणून माझा सल्ला असा की पूर्ण झालेली असली तरी एका दमात वाचू नका.

सगळ्यात जास्त चालतं ते लग्नानंतरचं प्रेम, म्हणजे घरच्यांनी लावून दिलेलं किंवा कसल्यातरी अटीवर झालेलं लग्न आणि मग हळूहळू जमणं. कॉन्ट्रॅक्ट मॅरेज आणि रागीट बिझनेसमन याचा पूर आहे, निळीशाई ताई तुम्हाला ते अजिबात झेपणार नाही. पण त्याच्याच शेजारी फार चांगल्या कथा आहेत, घटस्फोटित बाईचं दुसरं लग्न, चाळिशीतली माणसं, तालुक्याच्या गावातली शिक्षिका, विधवा वहिनीला शिकवणारं सासर. मी सध्या एक वाचतेय त्यात हिरो एसटीत कंडक्टर आहे आणि हिरॉइन रोज त्याच गाडीने नर्सिंगच्या कॉलेजला जाते, त्यांचं पहिलं सगळं बोलणं सुट्ट्या पैशांवरून आहे, दहा रुपये राहिलेत तुमचे, उद्या द्या, नाही आजच घ्या, यातून अख्खं प्रेम उभं केलंय तिने, आणि त्याची रजा, ड्युटीचा चार्ट, डेपोतलं राजकारण इतकं बरोबर लिहिलंय की घरात कुणीतरी एसटीत असणार असं वाटतं.

निवडायची माझी रीत सांगते. पहिल्या भागावरच्या कमेंट बघायच्याच नाहीत, तिथे सगळ्या मैत्रिणी असतात. मधल्या भागांवर जायचं आणि तिथे लोक पात्रांबद्दल वाद घालतायत का ते बघायचं. 'तिने सासूला असं बोलायला नको होतं', 'का नको, बरोबरच बोलली' असं दिसलं की समजायचं कथेत जीव आहे. आणि लेखिकेने याआधीची एखादी कथा पूर्ण केलीये का ते बघायचं, निम्म्यात सोडून दिलेल्या खूप असतात, कुणाचं बाळंतपण, कुणाची नोकरी, त्यांना तरी काय बोलणार, पण आपला जीव अडकतो.

भुताच्या गोष्टीही भरपूर आहेत काका, मुंजा, चकवा, हडळ, तुम्ही धारप वाचलेत म्हणजे आवडतील.

नावं मात्र इथे सगळ्यांसमोर देत नाही, राग मानू नका. यातल्या बऱ्याच जणी टोपणनावाने लिहितात, घरी माहीत नसतं, एकदोघींना मी विचारलं तर म्हणाल्या की नको. ज्याला हवं त्याने मेसेज करा, मी लिंक आणि दोन ओळी माहिती देते.

किंडलवाली

मी स्वतः मराठीत दोन छोट्या कादंबऱ्या किंडलवर टाकल्यात, पण हा वाचकांचा धागा आहे म्हणून त्यांची नावं देणार नाही. फक्त थोडं पलीकडच्या बाजूचं सांगते म्हणजे सुचवताना उपयोग होईल.

किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत. अनलिमिटेडमध्ये पुस्तक ठेवलं की लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात, म्हणजे तुम्ही डाउनलोड करून ठेवलं आणि उघडलंच नाही तर काहीच नाही, शेवटपर्यंत वाचलंत तर पूर्ण. आणि त्या योजनेत ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या ब्लॉगवरही नाही. त्यामुळे प्रतिलिपीवरची एखादी कथा अचानक गायब झाली तर बहुतेक वेळा हे कारण असतं, लेखिका रुसलेली नसते. व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ फिरायला लागली की पहिल्यांदा आमची ती पानंच जातात, कृपा करून तसं सुचवू नका आणि मागूही नका.

मराठी ई-बुक घ्यायच्या आधी सँपल नक्की उघडा, आणि वाचायलाच असं नाही, टाइप बघायला. जुन्या डीटीपी फाँटमधून युनिकोडमध्ये बदललेलं असेल तर रफार भलत्या अक्षरावर बसतो, जोडाक्षरं सुटतात, 'प्रेम'चं 'परेम' होतं. सँपलमध्ये तसं दिसलं तर आत सगळीकडे असणार. लेखकाला एक मेल टाकलीत तर आम्ही दुरुस्त करून परत अपलोड करू शकतो, छापील पुस्तकात ती सोय नाही.

आणि रिव्ह्यूबद्दल कळकळीने सांगते. नातेवाइकांचे रिव्ह्यू ॲमेझॉनला चालत नाहीत, त्यामुळे अनोळखी वाचकाच्या दोन ओळी फार मोलाच्या असतात. ह्यू हाउईचं 'वूल' २०११ मध्ये एक छोटी स्वतंत्र कथा म्हणून आलं होतं, वाचकांनी पुढे काय ते मागितलं म्हणून त्याने पुढचे भाग लिहिले, आणि पुढे सायमन अँड शुस्टर या प्रकाशकाशी करार करताना फक्त छापील हक्क दिले, ई-बुकचे स्वतःकडे ठेवले. मागे वाचक उभे होते म्हणून त्याला तसं म्हणता आलं. माझ्या पहिल्या पुस्तकावर एका बाईंनी लिहिलं होतं की दहाव्या प्रकरणानंतर नायिकेची आई कथेतून नाहीशीच झाली, तीन स्टार. त्यांच्यामुळे माझं दुसरं पुस्तक सुधारलं. पाच स्टार आणि 'छान' याने मला काही शिकवलेलं नाही.

निळीशाई

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. कालच 'गव्हर्नेस अफेअर' संपवलं. बाकावर पाऊस यायला लागतो आणि ती तरी उठत नाही तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. सायली, 'ड्यूक' आज घेते.

गडवाट, 'कायगेन' मराठी बायकांनी वाचायलाच हवं असं वर्णन वाचूनच वाटतंय, पण मुलाचं ऐकून थांबले, आत्ता नको. आधी सांगितलंत त्याबद्दल खरंच आभार. त्याच धाटणीचं पण कमी रडवणारं काही आहे का? विल वाइटची 'क्रेडल' मालिका कशी आहे?

माझ्याकडून एक देते, पेनी रीडचं 'निअँडरथल सीक्स ह्यूमन', २०१३ चं, शिकागोमधलं. हिरॉइन घाबरली की भलत्याच विषयावरची माहिती तोंडातून धाडधाड बाहेर पडते, आणि तिच्या मैत्रिणींचा आठवड्याला विणकाम करत बसणारा गट आहे, मला प्रेमकथेपेक्षा तो गटच जास्त आवडला. हिरो सुरुवातीला जरा जास्तच गूढ आणि परस्पर ठरवून टाकणारा आहे, तो भाग मला खटकला, पण ती त्याला त्याबद्दल विचारते, गप्प बसत नाही. पुढची पुस्तकं एकेका मैत्रिणीची आहेत.

गडवाट

'क्रेडल' घ्या बिनधास्त. बारा पुस्तकं, २०१६ ते २०२३, पूर्ण झालेली. पोरगा गावात सगळ्यात दुबळा, तिथून चढत जातो. पहिलं 'अनसोल्ड' (Unsouled) थोडं कोरडं आहे, तिसऱ्यापर्यंत आवडलं नाही तर सोडा. प्रेम आहे पण फारच सावकाश, रोमान्स म्हणून घेऊ नका.

जुना_सभासद

कोल्हापूरच्या ताई, मेसेज केलाय. ती एसटीवाली पहिली पाठवा. भुताच्या नंतर.